धारोष्ण १०३

माझ्या प्रयोगशाळेला घामट मोज्यांचा वास येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो, नाकाला रुमाल लावतो आणि मग सभ्यपणे विचारतो, "उंदीरबिंदीर मेलाय का हो?" उंदीर मेलेला नसतो. दुधातल्या प्रथिनांत ल्युसीन नावाचा एक घटक असतो. तो कुजला की त्यातून एक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल आपल्या पायांच्या घामातही असतं. म्हणून वास तोच. अठरा वर्षं तो माझ्या केसांत आणि कपड्यांत मुरलाय. त्याची मला कधी किळस वाटली नाही. मला किळस कशाची वाटते ते पुढे येईलच.

माझं नाव पद्मजा चौगुले. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझी प्रयोगशाळा आहे. आमच्या जिल्ह्यात घरटी म्हैस, आणि उन्हाळ्यात वीज गेली की संकलन केंद्रावरचं हजारो लिटर दूध दुपारपर्यंत नासतं. ते कुठे जातं? ओढ्यात. ओढा दोन दिवस पांढरा वाहतो, मग हिरवा, मग मासे पोट वर करून तरंगतात. हे पाहून पाहून मला वीट आला होता. म्हणून मी एक जिवाणू घडवला. नासलेलं दूध हे त्याचं खाणं. त्यातली साखर, स्निग्धांश, प्रथिनं सगळं पचवून तो आयसोब्युटीन नावाचा वायू सोडतो. हा वायू गोळा करायचा, त्याचे रेणू दोन-दोन जोडायचे, वर हायड्रोजन चढवायचा, की झालं आयसोऑक्टेन. म्हणजे पेट्रोलमधला सर्वांत गुणी रेणू.

गुणी का, तेही सांगते. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण आधी दाबलं जातं आणि मग ठिणगी पडते. हलकं पेट्रोल असेल तर दाबामुळेच कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपण पेटतं आणि आतून हातोडी मारल्यासारखा टकटक आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. त्याने पिस्टन फुटतो. सरळ साखळीचे रेणू असे उतावळे असतात, फांद्या फुटलेले रेणू दाब सोसतात. आयसोऑक्टेन भरपूर सोसतं, म्हणून त्याला शंभर आकडा दिला आणि बाकी सगळ्यांना त्याच्या मापाने मोजलं. ऑक्टेनचा आकडा म्हणजे एवढंच, पेट्रोलची सोशिकता. ताकद नव्हे. ज्या इंजिनाला ९५ पुरतं त्याला १०० पाजून काही मिळत नाही. सहा नंबरची चप्पल लागणाऱ्याला नऊ नंबरची दिली म्हणून तो जोरात पळत नाही.

पण हे गाडीवाल्यांना कोण सांगणार? रस्त्यावरच्या गाड्या बॅटरीवर गेल्या त्याला वीस वर्षं होतील. पंप बंद पडले. पेट्रोल उरलं ते हौशी लोकांपुरतं. ज्यांच्याकडे तीनशेच्या वेगाने पळणाऱ्या गाड्या आहेत आणि त्या पळवायला खासगी ट्रॅक आहेत, असे लोक. पेट्रोल आता डब्यांतून विकलं जातं, वज्र ९७, तुफान १००, असल्या नावांनी. कोण कुठलं टाकतो यावरून त्यांच्यात माणसाची लायकी ठरते.

माझं पेट्रोल मोजायला मी उद्यमनगरात भूपालअण्णा मगदुमांकडे नेत असे. अण्णा सत्तरीचे, पांढरी टोपी, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. त्यांच्या वडिलांनी लिलावात घेतलेलं एक सिलिंडरचं चाचणी इंजिन त्यांनी लेकरासारखं जपलं होतं. चालू इंजिनात हँडल फिरवून दाब कमीजास्त करायचा आणि टकटक कुठे सुरू होते ते पाहायचं. अण्णा मीटर बघायचेच, पण स्क्रूड्रायव्हरचं टोक सिलिंडरला आणि मूठ कानाला लावून ऐकायचेसुद्धा. "माणूस खोटं बोलंल पद्मा," ते म्हणायचे, "पर हे बोलत न्हाई."

नासलेल्या दुधाच्या पेट्रोलचा आकडा शंभर आला होता. येणारच. मी तुलनेसाठी एक बॅच ताज्या, धारोष्ण दुधाची केली. ती मोजायला आम्ही सोमवार निवडला. सोमवारी उद्यमनगर बंद असतं, खडखडाट नसतो. त्या दिवशी यशराज इंगवलेही आला होता. तीन डेअऱ्या, सात गाड्या आणि माझ्या कामात पैसे घालायची तयारी असलेला, चाळिशीचा, गोडबोल्या माणूस.

सकाळी अण्णांनी प्रमाण-इंधन लावून इंजिन शंभरावर जुळवून ठेवलं. मग त्यांनी पिशवीतून पातेलं काढलं. आपल्याकडे नवं घर घेतलं, दुकान थाटलं की दूध उतू घालवतात. पूर्वेकडे ओघळलं तर बरकत. अण्णा म्हणाले, "दुधाचं पेट्रोल पयल्यांदा लावायचं आन् दूध उतू घालवायचं न्हाई, ह्ये कसं चालंल?" जवळ पेट्रोल, म्हणून शेगडी विजेची घेतली. आमच्यात तेवढी अक्कल होती. अण्णांच्या घरून वहिनींनी दोन लिटर म्हशीचं दूध दिलं होतं. खोली लहान, पत्र्याची, दारं-खिडक्या बंद, शेगडी इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या पाइपाशेजारी. ते तापेपर्यंत, उतू जाईपर्यंत आणि मग सगळ्यांसाठी चांगलं आटेपर्यंत अर्धा तास गेला. वाफ छताला लागली होती. आम्ही हळद-कुंकू वाहिलं आणि इंजिन चालू केलं.

आकडा आला एकशे तीन.

आता यात चूक आहे हे शाळेतलं पोरही सांगेल. शुद्ध आयसोऑक्टेन म्हणजेच शंभर. ती व्याख्या आहे. एक किलोचं वजन सव्वा किलो भरलं तर तराजू तपासायचा असतो. मी काय केलं? म्हशीच्या सायीतून आणखी कुठले फांद्यांचे रेणू आले असतील, असा एक सिद्धांत तिथल्या तिथे रचला. मोहात पडलेला शास्त्रज्ञ कसलाही सिद्धांत रचू शकतो. इंगवलेने अण्णांच्या पाया पडून तो आकडा कागदावर लिहून घेतला, खाली अण्णांचा शिक्का.

चार महिन्यांत 'धारोष्ण १०३' बाजारात आलं.

*

एक लिटर पेट्रोलला पंधरा लिटर म्हशीचं दूध लागतं. गाडीच्या एका टाकीत बाराशे लिटर. इंगवले हे लपवत नव्हता, डब्यावर ठळक छापत होता. माझा नासक्या दुधाचा प्रकल्पही त्याने एका कोपऱ्यात चालू ठेवला, माझं तोंड गोड राहावं म्हणून. त्याला माझी गरज होती. जिवाणूला आपण लादलेलं ओझं नको असतं. वीसेक दिवसांत तो आपण घातलेली जनुकं टाकून देतो आणि नुसतं दूध खाऊन सुखात राहतो. म्हणून दर पंधरवड्याला माझ्या फ्रीजरमधून मूळ विरजणाची ताजी नळी त्याच्या कारखान्यात जात असे. ती दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

पन्हाळ्याच्या पायथ्याशी या हौशी गाडीवाल्यांचा क्लब आणि ट्रॅक आहे. इंगवले मला तिथे पाहुणी म्हणून नेऊ लागला. पहिल्या वेळी मला हसू आलं, दुसऱ्या वेळेपासून शिसारी. टेबलावर पांढरं कापड, त्यावर काचेच्या छोट्या वाट्या, वाट्यांत पेट्रोल. माणसं मनगटावर थेंब चोळून डोळे मिटून हुंगत होती.

"गाईचं वरच्या फेऱ्यांना मोकळं पळतं," एकजण म्हणाला, "पण खालची ओढ म्हशीचीच."

"पंढरपुरी म्हशीत आणि मुऱ्ह्यात फरक जाणवतो हं. मुऱ्हा जरा जड."

"वज्र? अरे, ते बोटीत टाकायचं."

निहार शेटे नावाचा पंचविशीचा मुलगा नमस्कार करून माझ्याजवळ आला. अत्यंत सुसंस्कृत. म्हणाला, "मॅडम, तुमच्यामुळे आमच्या छंदाला संस्कृती मिळाली." त्याच्या गाडीच्या संगणकाला ९५ सुद्धा चाललं असतं. मी तसं सांगितलंही. तो समजुतीने हसला, जसं घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या बोलण्याला हसतात.

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीच्या कासेखाली पेला धरून उभ्या उभ्या दूध पिणारं हे गाव. तिथली माणसं आता दुधाचा धूर करून त्याची चव सांगत होती. मला किळस वाटायची, आणि तरी मी जात होते. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते.

आठ महिन्यांनी, पावसाळ्यात, मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत धारोष्णचा नमुना दुसऱ्याच कामासाठी दिला होता. त्यांनी जाता जाता ऑक्टेनचा आकडा मोजून पाठवला. शंभर. मी परत मोजायला लावला. शंभर. त्या संध्याकाळी मला एकदम ती खोली आठवली, ती वाफ, तो पाइप. हवेत बाष्प असलं की ज्वलन थंडावतं आणि नॉकिंग दबतं, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. म्हणून तर इंजिनाच्या हवेच्या वाटेवर बर्फाचं पिंप ठेवतात, बाष्प तिथेच गळून जावं म्हणून. त्या सोमवारी बर्फाचा कारखाना बंद होता. पिंप रिकामं होतं. एकशे तीन हा आमच्या उतू गेलेल्या दुधाच्या वाफेचा आकडा होता.

मी गप्प बसले. स्वतःला कारणं दिली. बोलले तर इंगवले नासक्या दुधाचं काम बंद करेल. बोलले तर अण्णांच्या शिक्क्याला बट्टा लागेल, आणि या वयात ते त्यांना सोसणार नाही. दोन्ही कारणं खरी होती. तिसरं कारण असं, की चूक माझी होती आणि ती मला जगाला दाखवायची नव्हती.

*

नंतरच्या मार्चमध्ये मी गावी गेले. गगनबावड्याच्या रस्त्यावर आमचं गाव. तिथे माझी थोरली बहीण सुशीलाआक्का राहते, चार म्हशी आणि धाकट्या मुलाचा संसार. आक्काने बिनदुधाचा चहा पुढे केला.

"दूध संपलं?" मी विचारलं.

"संपतंय कशानं? सगळं टँकरला घालालोय. घरात ठेवून काय करू?" आक्का म्हणाली. "तुज्या त्या पेट्रोलानं सोनं झालं बघ. सगळ्या गावात एक थेंब घरी ठेवत न्हाई कोण."

तिची दोन वर्षांची नात ओसरीवर बसून पाण्यात बिस्कीट बुडवून खात होती. धाकटी सून शिल्पा नववा महिना लागलेली, भिंतीला टेकून उभी. तिच्याही हातात तोच काळा चहा.

"आणि हिला?" मी पोरीकडे बोट केलं.

"अंगणवाडीत पावडर देत्यात की. पाण्यात कालवायची."

मी म्हशी बघायला गोठ्यात गेले. गोठ्यात रेडकं होती तीन, अगदी स्थिर उभी. जवळ जाऊन हात लावला तर आत पेंढा खसखसला. कातडी होती ती. मेलेल्या रेडकाचं कातडं पेंढा भरून म्हशीपुढे ठेवतात, म्हणजे ती त्याला चाटते आणि पान्हा सोडते. पूर्वीही हे करत, पण कधीतरी, रेडकू दैवाने गेलं तर.

"तिन्ही कशी मेली आक्का?"

आक्का वैरण टाकत होती. "रेडकाला पाजलं तर टँकरला काय घालू?" तिने विचारलं. आवाजात दुःख नव्हतं, रागही नव्हता. हिशेब शिकवावा तसं ती मला सांगत होती. "तू शिकलेली. तुला कळाय पायजे."

म्हैस ते कातडं चाटत होती. मी गोठ्याच्या मागे जाऊन ओकले. मग तोंड धुऊन घरात आले आणि उरलेला काळा चहा प्याले, कारण आक्काला वाईट वाटलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी सरळ उद्यमनगर गाठलं. अण्णा एका जुन्या पंपाचं वायसर बदलत होते. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. पुण्याचा आकडा, वाफ, रिकामं पिंप, माझं गप्प राहणं. त्यांच्याकडे बघायचं मला धाडस होत नव्हतं.

अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला. "मला ठावं हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"दुसऱ्याच आठवड्यात. बर्फ घालून परत चालवून बघितलं की मी. शंभर. तीनदा चालवलं." ते बोटांवरचं ग्रीस चिंधीला पुसत राहिले. "तुला सांगणार हुतो. मग म्हटलं, पोरीचं नाव झालंय, कशाला? आन् खरं सांगू? बॅटऱ्या आल्यापासनं हितं कुत्रं फिरकत नव्हतं. ह्ये इंजिन भंगारात घालायला पोरं मागं लागली हुती. तुजं त्ये एकशेतीन झालं, आन् मोठी मोठी माणसं चपला काढून ह्याच्यापुढं उभी राहाय लागली. मला लई बरं वाटलं गं. म्हातारपणात माणूस हावरा हुतोय."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. दोघांनी एकमेकांची अब्रू राखायची म्हणून दोघेही खोटे पडलो होतो, आणि त्या सभ्यपणाच्या पायी तीन रेडकं पेंढ्याने भरली होती. तीन फक्त आमच्या गोठ्यातली.

"आता?" अण्णांनी विचारलं.

"आता सगळ्यांसमोर मोजायचं."

अण्णांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली. "शिक्का माजा जाईल," ते म्हणाले, "पर इंजिनाचं नाव तरी परत यील. चल."

*

क्लबाच्या वर्धापनदिनाला इंगवलेने आम्हाला आनंदाने परवानगी दिली. त्याला वाटलं, नव्या वर्षाच्या जाहिरातीला प्रात्यक्षिक बरं. टेम्पोतून इंजिन नेलं. बर्फाच्या चार लाद्या नेल्या. पाऊणशे माणसं, रांगेत उभ्या झळझळीत गाड्या. मी तीन सीलबंद बाटल्या ठेवल्या. एकीत ताज्या दुधाचं, दुसरीत नासलेल्या दुधाचं, तिसरीत साखर कारखान्याच्या मळीपासून केलेलं. कुठली कुठे ते निहार शेटेने स्वतः चिठ्ठ्या टाकून ठरवलं, मला आणि अण्णांना बाहेर ठेवून.

अण्णांनी पिंपात बर्फ भरला, इंजिन तापू दिलं, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. पहिली बाटली शंभर. दुसरी शंभर. तिसरी शंभर. प्रत्येक वेळी आकडा त्यांनी मोठ्याने सांगितला आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज जास्त खणखणीत होत गेला. मग ते माइकपुढे गेले आणि म्हणाले, "एकशेतीन आमची चूक हुती. शिक्का माजा हुता. इंजिनाची चूक नव्हती. मी माफी मागतो."

मी शास्त्र समजावलं. रेणूला आठवण नसते, म्हणाले. तो मळीतून आला की म्हशीच्या कासेतून, त्याला ठाऊक नसतं आणि तुमच्या गाडीलाही कळत नाही. तुम्ही बाराशे लिटर दूध जाळता ते कशासाठीही नाही. माझ्या गावातली मुलं पाण्यात बिस्किटं बुडवून खातात. कातड्यात भरलेल्या पेंढ्याचंही सांगितलं. सगळं सांगितलं.

लोकांनी हातातल्या वाट्या खाली ठेवल्या. मला वाटलं, लाज वाटली यांना. शपथेवर सांगते, तसं मला क्षणभर वाटलं.

मग निहारने हात वर केला. "मॅडम, म्हणजे कशाचंही केलं तरी शंभरच. बरोबर?"

"बरोबर."

"मग फरक उरतो तो फक्त, ते कशाचं केलंय एवढाच."

"काहीच फरक उरत नाही," मी म्हणाले.

"नाही, म्हणजे भावनेचा." तो विचार करत बोलत होता, अगदी मनापासून. "म्हशीचं काय, कुणीही टाकेल आता. मॅडम, आईच्या दुधाचं होईल का?"

कुणी हसलं नाही. मी हसण्याची वाट पाहिली. पाऊणशे माणसांत एकाने तरी शी म्हणावं म्हणून थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, "डबे मोजकेच काढायचे. नंबर घालून." दुसरा म्हणाला, "कमाल आहे पण." यशराज इंगवले फोन काढून काहीतरी टिपून घेत होता.

अण्णा इंजिनापासून पुढे आले. ते माइकशिवायच ओरडले, "न्हाई हुईत त्ये. आकडा सत्तर येतोय त्याचा. इंजिन फुटतंय."

आयुष्यभर आकड्याशी इमान राखलेला माणूस, एकदा चुकला तर त्याची अर्ध्या तासापूर्वी जाहीर माफी मागितलेला, सर्वांदेखत खोटं बोलत होता. निहारने त्यांच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. "काका, आत्ताच तर तुम्ही सिद्ध केलंत," तो म्हणाला. "कशाचंही असो, शंभरच."

परतीच्या वाटेवर टेम्पोत आम्ही दोघं इंजिनाला टेकून बसलो. अण्णा म्हणाले, "आपण खरं बोलाय नको हुतं काय गं?" मी इंजिनाचा सुटू लागलेला दोर पुन्हा आवळला.

*

पुढचे तीन दिवस मी फ्रीजरसमोर खुर्ची टाकून बसत होते. उणे ऐंशी अंशावर मूळ विरजणाच्या एकशेवीस नळ्या. यात पैसे इंगवलेचे, त्यामुळे नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. त्या मेल्या की महिन्याभरात इंगवलेचा कारखाना नुसतं आंबट दूध ढवळत बसेल. पण माझं कामही मरेल. वीज गेल्याचा, उन्हाचा मार खाल्लेलं दूध रोज सकाळी कॅनमधून माझ्या दाराशी येतं, ते पुन्हा ओढ्यात जाईल. तसा जिवाणू पुन्हा कुणी घडवेलच, शोधनिबंध तर छापलेला आहे. चारपाच वर्षं लागतील. चारपाच वर्षांसाठी माझी अठरा वर्षं. पहिल्या दिवशी मी फ्रीजरचं दार उघडून परत लावलं. दुसऱ्या दिवशीही. मनाची समजूत घातली, की इतकं नीच कुणी होणार नाही. मोठ्या लोकांच्या गप्पा त्या. चार दिवसांत विसरतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी आक्काचा फोन आला. शिल्पाला मुलगा झाला होता, त्याला आठवडा झाला. बाळ-बाळंतीण खुशाल. मी आनंदाने विचारपूस केली. वजन किती, नाव काय ठेवायचं, बारशाला केव्हा येऊ.

"त्ये हुईलच," आक्का म्हणाली. "मी निराळ्यासाठी फोन केला. संकलनावर इंगवल्यांचा माणूस आलता. बाळंतिणींची नावं लिवून घ्यालाय. आमच्या शिल्पीला अंगावर दूध लई येतंय गं, पोराला पुरून उरतंय. पर त्यो माणूस म्हणतोय, सगळं द्याय लागंल, थोडं चालत न्हाई. आन् गावातनं दोघीच घेणार म्हणं. तुजी वळख हाय. जरा शब्द टाक की."

मी खुर्चीवरून उठले. "आणि बाळ काय पिणार?" मी विचारलं.

"पावडर हाय की."

"शिल्पा काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? रडालीया. नवी बाळंतीण रडतीच. हुईल सवय." आक्काचा आवाज मऊ झाला. "पद्मे, रागावू नगंस. दुसऱ्या कुणाच्या घरात जाण्यापेक्षा आपल्याच घरात येऊ दे की. ऐकालीस न्हवं?"

"ऐकतेय," मी म्हणाले.

फोन खांद्याने कानाशी धरून मी फ्रीजर उघडला. पहिला ट्रे बाहेर काढून मोरीत ठेवला आणि ब्लीचच्या कॅनचं झाकण फिरवलं. आक्का सांगत होती, माणूस उद्या सकाळी परत येणार आहे, त्याच्या आत सांग. मी हो म्हणत राहिले आणि एकेक नळी उघडून ओतत राहिले. एकशेवीस नळ्यांना वेळ लागतो.